सासूचे सोंग

बाजरी कोठारात पडली की कोलोबुगूत ढोल वाजू लागतात, आणि ढोल वाजू लागले की वाळवंटाकडून येणारी पिवळी धूळही त्यांच्याच तालावर सावकाश खाली उतरते. त्या दिवशी ती इतकी दाट होती की जोलिबा नदी कुठे संपते आणि आभाळ कुठे सुरू होते, हे काठावर जन्मलेल्यालाही सांगता आले नसते. अंगणातल्या कडुनिंबाखाली चटईवर नियाकाले डोळे मिटून पडली होती. तिला वाटत होते की नदीच हळूहळू वर चढून अंगणात आली आहे. माणसांचे आवाज पाण्याखालून येत आहेत आणि आपण उशीवर डोके टेकून तरंगत आहोत.

पण तरंगणाऱ्या माणसालाही खाली एक दगड टोचू शकतो. तिचा दगड होता धाकटी सून कोरोतिमी. तिने रस्ता मागितला होता आणि नियाकालेने तो अजून दिला नव्हता.

जोलिबाच्या काठी कुणी आपल्या मनाने उठून जात नाही, मग तो एका रात्रीचा पाहुणा असो की घरची सून. ज्याच्या छपराखाली राहिलो त्याच्याकडे रस्ता मागायचा, आणि त्याने 'दिला' म्हटले की मगच पाऊल उचलायचे. न दिलेल्या रस्त्याने माहेरी पोहोचलेली बाई पळून आलेली ठरते. तिला घरात घेताना तिचा बापही आधी गल्लीत डोकावतो. कोरोतिमीला हे ठाऊक होते. म्हणूनच डावे मनगट पुन्हा सुजले तेव्हाही ती पळाली नव्हती. हातपंपावर घसरले, असे तिने बायकांना सांगितले होते आणि सासूपुढे गुडघे टेकून पुन्हा रस्ता मागितला होता. जारांच्या या घरातून आजवर एकही सून अशी परतली नव्हती. त्या गोष्टीचा नियाकालेला जितका अभिमान होता, तितका या अंगणाचाही नव्हता.

"आई, झोपलीस का?"

थोरला न्गोलो होता. वडील गेल्यापासून तो घराचा कर्ता झाला होता आणि तेव्हापासून आईशीही सभेत बोलल्यासारखा बोलत असे.

"झोपले असते तर उत्तर दिलं असतं का?"

"आज संध्याकाळी चौकात पाणी शिंपडायला तू जायचं नाहीस."

नियाकालेने डोळे उघडले. कोलोबुगू वसवणाऱ्या घरातल्या सर्वांत वयस्क बाईने भोपळ्याच्या वाडग्यातून चौकात पाणी शिंपडले की कोतेबाचे रिंगण खुले होते. पाणी पडले नाही तर ना नाच, ना सोंग. तो मान तिचा होता आणि तो नाकारण्याची सत्ताही तिचीच होती. तिच्या जिवंतपणी त्यावर मत देणारा न्गोलो कोण?

"का जायचं नाही?"

"तुझ्या नातीला विचार."

नात म्हणजे न्गोलोचीच मुलगी जेनेबा. सेगूच्या नाटकवाल्यांत राहून ती शिकून आली होती आणि तिने गावातल्या बायकांचे पथक उभे केले होते. ती खांबाला टेकून उभी होती, हाताची घडी घालून, अगदी बापासारखी.

"नवरा बायकोला मारतो, ते सोंग आहे आजी. एवढंच."

"एवढंच!" न्गोलो म्हणाला. "अख्ख्या गावासमोर, सुईणीची पोर दाढी लावून नवरा होणार!"

"बायकांनी दाढ्या लावायच्या हे मलाही रुचत नाही," नियाकाले म्हणाली. "माझ्या वेळी पुरुष लुगडी गुंडाळायचे आणि आमच्यापेक्षा बरे मुरडायचे. पण कोतेबात कंजुषाचं सोंग झालं, लाचखाऊचं झालं, तुझ्या बापाच्या घोरण्याचंसुद्धा झालं. तो सगळ्यांत मोठ्यानं हसला होता."

"घोरणं वेगळं."

"माझ्याकडं बघून कशाला बोलतोस, दादा?" दाराशी इंजिनाचा सुटा भाग तेलाने पुसत बसलेला धाकटा मुलगा, कोरोतिमीचा नवरा सिबिरी एकदम म्हणाला. तो होड्यांची इंजिने दुरुस्त करत असे. यंत्राशी तो जितका हळुवार वागे, तितका तो माणसाशी वागताना कुणी पाहिला नव्हता.

"तुझ्याकडं कोण बघतंय?" न्गोलोची बायको मासितान सुपातल्या तांदळावरची नजर न उचलता म्हणाली.

सिबिरीच्या हातातले फडके थांबले. दूरवरचे ढोल तेवढे बोलत राहिले.

"काका," जेनेबाचा आवाज जरा मऊ झाला, "कोतेबात ना नाव असतं ना घर. कुठला तरी माणूस, कुठली तरी बाई. हा नियम माझा नाही, आजीच्या आजीचा आहे."

"मग लोक हसतील तेव्हा कुणाकडं बघून हसतील ग?" सिबिरीने विचारले आणि उत्तराची वाट न पाहता तो नदीकडे निघून गेला.

त्याच वेळी कुंपणाबाहेरून खणखणीत आवाज आला. "ए चवळीखाऊंनो! अजून जिवंत आहात का, की एकमेकांना चावून संपलात?"

नानतेनिन त्राओरे आली होती. ती साबण करून विकायची आणि पथकातली विदूषकही तीच होती. त्राओरे आणि जारा ही थट्टेची भावकी. त्राओरेने जाराला काहीही म्हणावे, जाराने त्राओरेला गुलाम म्हणावे, आणि रागावेल त्याचीच लाज जावी. हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले होते. नानतेनिनने त्या हक्काचा एक कणही कधी वाया घालवला नव्हता.

"ये गुलामे, बस," नियाकाले म्हणाली. "साबणाला एवढी राख लागते, थोडी तुझ्या जिभेलाही लाव."

"जीभ घासायला तुझी परवानगी हवी, म्हातारे. आणि पाणीही तुझंच हवं. संध्याकाळी येतेस ना?"

न्गोलोने घसा खाकरला. नियाकालेने त्याच्याकडे पाहिलेही नाही.

"सोंगात सासू आहे?"

"नवरा आहे म्हणजे सासू आलीच."

"कोण करतंय?"

"मी."

"तू? तुला मूल ना सून. तुला काय कळतंय सासू?"

"म्हणूनच माझ्या गळ्यात पडली," नानतेनिन म्हणाली आणि प्रथमच तिच्या आवाजातली थट्टा थोडी पातळ झाली. "ज्यांना सुना आहेत, त्यांतली एकही ते सोंग घ्यायला तयार होईना."

नियाकालेने वर कडुनिंबाकडे पाहिले. धुळीमुळे पाने पानांसारखी दिसत नव्हती, कुणीतरी पूर्वी पाहिलेल्या पानांच्या आठवणीसारखी दिसत होती. ती म्हणाली, "पाणी मी शिंपडीन. माझ्या हयातीत कोतेबा बंद पडला असं कुणी म्हणायला नको."

न्गोलो कर्ता होता खरा, आणि हरल्यावर लगेच दुसरी चाल शोधणे हा कर्त्याचा गुण त्याच्यात होता. "ठीक आहे," तो म्हणाला. "मग आपण सगळेच जाऊ. घरातल्या सगळ्या बायका एकाच कापडात. सिबिरीच्या छोटीच्या नामकरणाला शिवलं होतं ते, निळ्यावर पांढरे बगळे. पुढच्या रांगेत बसा. गावाला दिसू दे की जारांच्या घरात काही लपवण्यासारखं नाही."

सुपातला मासितानचा हात थबकला. तिने तोंड उघडले.

"काय?" न्गोलोने विचारले.

"काही नाही," ती म्हणाली. "खडा होता."

*

दुपारी हातपाय धुवायला पाणी घेऊन कोरोतिमी आली. पाठीला तिची तान्ही बांधलेली होती. मुलीला आजीचे नाव ठेवले होते, म्हणून घरात तिला सगळे 'छोटी' म्हणत. कोरोतिमीने किटली खाली ठेवली आणि गुडघे टेकले.

"सासूबाई, मी त्या रस्त्याचं विचारायला..."

"आज कोतेबा आहे."

"मग उद्या?"

"बघू."

"नामकरण होऊ दे म्हणालात. मग कापणी होऊ दे म्हणालात." तिचा आवाज इतका हलका होता की तो तक्रारीचा आहे की अंगाईचा, हे कळू नये. "सासूबाई, मी काही संसार मोडून जात नाही. बापाच्या अंगणात बसेन. ते येतील, बोलतील, मग ठरेल. एवढंच."

"ते येतील म्हणजे कोण? जारांची माणसं माफीची कोला-फळं घेऊन कुणाच्या दाराशी बसलेली या गावानं पाहिलेली नाहीत."

"पाहिली तर काय होईल?"

या प्रश्नाचे उत्तर नियाकालेकडे होते. पण ते जिभेवर आणताना ते उत्तर नसून नुसता एक जुना आवाज आहे, असे तिला वाटून गेले. तिने हात पुढे केले. कोरोतिमीने उजव्या हाताने पाणी ओतले. डावा हात तिने पदराखालून काढला नाही. पाठीवरची छोटी झोपेत हसत होती.

*

उन्हे कलली तेव्हा चौकातले रिंगण फिरू लागले होते. कोतेबा म्हणजे मोठी गोगलगाय. मधोमध ढोलवाले, त्यांच्याभोवती मुले, मुलांभोवती मुली, मग बायका, मग पुरुष. वेटोळ्यात वेटोळे, आणि सगळे एकाच दिशेने संथ सरकणारे. नियाकालेने वाडग्यातले पाणी शिंपडले. तहानलेल्या मातीतून वास उठला आणि वेटोळे फिरतच राहिले. तिला गरगरल्यासारखे झाले. आपण नऊ वर्षांच्या आहोत आणि सत्तरीच्याही आहोत, वेटोळ्याच्या आतही आहोत आणि बाहेरही, असे काहीतरी तिला जाणवले. पावले उडवत होती ती धूळ खाली बसतच नव्हती. माणसे गुडघ्यापासून वरच दिसत होती, जणू पाण्यावरून चालत होती.

मग ढोल थांबले, माणसे बसली. पुढच्या रांगेत जारांच्या बायका होत्या. निळ्या कापडावर पांढरे बगळे, एकीच्या खांद्यावरून दुसरीच्या खांद्यावर उडत गेल्यासारखे. न्गोलोने मागे बसून समाधानाने मान हलवली. कोरोतिमी मासितानला लागून बसली होती. सिबिरी भावाशेजारी बसला होता, ओठ घट्ट मिटून.

सोंग सुरू झाले. आधी नवरा आला. बोकडाच्या केसांची दाढी लावलेली सुईणीची लेक, पोट पुढे काढून, पाय फाकवून अशी काही चालली की हसण्याचा लोट उठला. "हा तर आमचा मेहुणा!" कुणीतरी ओरडले. मग सासू आली. नानतेनिन कमरेवर हात ठेवून, मान ताठ करून, दर तिसऱ्या पावलाला "ह्‌क्‌-हं" असे खोकत आली. बायका एकमेकींच्या मांडीवर पडून हसू लागल्या.

"मी अशी खोकत नाही," नियाकाले मासितानला म्हणाली आणि खोकली. ह्‌क्‌-हं.

मग बायको आली. मच्छीमारांच्या वस्तीतली एक सडपातळ मुलगी, डोक्यावर हंडा घेऊन. तिच्या कमरेला कापड होते. निळे, त्यावर पांढरे बगळे.

हसणे एकदम ओसरले. चौकातली प्रत्येक नजर त्या मुलीच्या कमरेवर गेली आणि तिथून पुढच्या रांगेवर आली. मुलीवरून रांगेवर आणि रांगेवरून मुलीवर. कुणी बोट दाखवले नाही, त्याची गरजच उरली नव्हती. ती रांग घरी असती, किंवा आपापल्या रोजच्या कापडात बसली असती, तर ते एक जुने कापड एवढेच ठरले असते.

"ते कापड त्यांना कुणी दिलं?" न्गोलोने मागून वाकून दातांतून विचारले.

"मी," मासितान म्हणाली. तिने मान वळवली नाही. "पावसाळ्यात. माझ्या दोनांतलं एक फाटलं होतं, तालमीला चालेल म्हणून दिलं. तेव्हा काय माहीत, तुम्ही आज सगळ्यांना तेच नेसवाल म्हणून?"

"दुपारी बोलली का नाहीस?"

"बोलणार होते." थोड्या वेळाने ती म्हणाली, "मग वाटलं, राहू दे."

न्गोलोने बायकोच्या पाठीकडे असे पाहिले, जणू इतकी वर्षे ती पाठ त्याने पाहिलीच नव्हती.

रिंगणात नवऱ्याला जेवण गार लागले होते. सोंगात कुणी कुणाला हात लावत नाही. दाढीवाली काठी उगारायची आणि ती खाली येताना मधला ढोलकरी एकच ठोका द्यायचा. पहिला ठोका पडला. मुलगी वाकली. बाजूला सासू पाठ करून बसली होती, तिच्या मांडीवर रेडिओ म्हणून रिकामा भोपळा होता. तिने भोपळ्याचा कान पिळला आणि स्वतःच रेडिओ होऊन गाऊ लागली, "उद्याचा बाजार... कांदा चांगला आहे..." लोक हसले. दुसरा ठोका. सासूचा आवाज चढला, "मासळी आली आहे हो, मासळी..." थोडे हसले. तिसरा. "नदीला पाणी मुबलक! सगळीकडे आनंदीआनंद!" नानतेनिन आता ओरडत होती, आणि कुणी हसत नव्हते. ठोके आणि रेडिओ, रेडिओ आणि ठोके. नियाकालेला वाटले, हा आवाज चौकात नाही, आपल्याच घराच्या भिंतींत आहे, आणि तो बंद करायची कळ कुठे आहे ते आपल्याला अगदी नीट माहीत आहे.

"बंद करा!" सिबिरी उभा राहिला होता.

नानतेनिनने भोपळा कानाला लावला. "अगबाई, रेडिओत सिंहानं डरकाळी फोडली! बस रे चवळीखाऊ. नाव घेतलं का तुझं कुणी? घर दाखवलं का? मग तू का उठलास? हा इथला सगळा गाव बसलाय बघ, एकट्या तुझ्याच बुडाखाली विंचू कसा?"

त्राओरेच्या थट्टेवर जारा रागावू शकत नव्हता. न्गोलोने भावाला सदऱ्याला धरून खाली ओढले. पण उठलेला माणूस बसला तरी उठलेलाच राहतो.

जेनेबा रिंगणाच्या मध्ये आली. "सोंग इथं संपत नाही," ती म्हणाली. "आता पुन्हा पहिल्यापासून. ज्याला वाटतं, हे वेगळं व्हायला हवं होतं, त्यानं आत यायचं, ज्याची जागा हवी त्याच्या खांद्याला हात लावायचा आणि त्याचं सोंग घ्यायचं. बोला, कुणाच्या जागी कोण?"

एक तरुण शेजारी होऊन आला. "नवरा-बायकोत तू कोण रे?" म्हणत दाढीवालीने त्याला हाकलले आणि लोकांनीही हसून त्याला हाकलले. शाळेतली एक मुलगी बायको झाली. तिने उलट आवाज चढवला. ढोलकऱ्याने दोन ठोके जास्त दिले आणि ती रडवेली होऊन जागेवर गेली.

"सासूच्या जागी कुणी येतंय?" जेनेबाने विचारले.

चौकात सासवांची काही वाण नव्हती. त्या सगळ्या आपापल्या पायाच्या अंगठ्यांकडे पाहू लागल्या. धुळीत सूर्य लाल वाटोळा उतरला होता. त्याच्याकडे डोळे न मिटता पाहता येत होते. नियाकाले त्याच्याकडेच पाहत होती. ती उठली कधी आणि चालू लागली कधी हे पुढे तिला कधीच आठवले नाही. आठवली ती फक्त पायाखालची माती. तिने स्वतः शिंपडलेल्या पाण्याने ती अजून ओलसर होती.

"आई!" न्गोलोचा आवाज फार दुरून आला, जणू पलीकडच्या तीरावरून.

तिने नानतेनिनच्या खांद्याला हात लावला. "ऊठ गुलामे."

"बस, बस. जागा ऊबदार करून ठेवली आहे," नानतेनिन म्हणाली, पण तिचे डोळे हसत नव्हते.

"आणि मी अशी खोकत नाही."

लोक हसले. ते शेवटचे हसणे होते.

सोंग पुन्हा सुरू झाले. गार जेवण, उगारलेली काठी. पहिला ठोका. नियाकालेने मांडीवरचा भोपळा उचलून दूर ठेवला. काठी पुन्हा वर गेली. ती उठली. तिला घाई नव्हती. तिने डोक्याला गुंडाळलेल्या फडक्याची गाठ सोडली. विरळ पांढरे केस संध्याकाळच्या उजेडात उघडे पडले. म्हातारी बाई चौकात डोके उघडे करते तेव्हा ती आपला आशीर्वाद परत मागत असते. आईने असे डोके उघडले की त्या मुलाच्या शेताला पाऊस लागत नाही, त्याच्या होडीला वारा लागत नाही, असे तिथे समजतात. सोंगातही हे कुणी कधी केले नव्हते. तिने ते फडके काठी आणि मुलगी यांच्या मध्ये जमिनीवर अंथरले.

"ओलांड," ती म्हणाली.

ढोलकऱ्याचा हात हवेतच राहिला. दाढीवालीने काठी खाली घेतली. "आजी," ती कुजबुजली, "मी सुईणीची... मी तो नाही, आजी."

"मला माहीत आहे. ज्यानं ओलांडायचं तो ऐकतो आहे."

सिबिरीने खाली पाहिले. आता त्याचा सदरा कुणी धरलेला नव्हता, तरी तो उठला नाही.

आणि मग पुढच्या रांगेतून एक बगळा उठला. कोरोतिमी छोटीला पाठीशी बांधून रिंगणात चालत आली. तिने मच्छीमाराच्या मुलीच्या खांद्याला हात लावला, डावा, सुजलेला, उघडा. क्षणभर सारख्याच कापडातल्या दोघी शेजारी उभ्या राहिल्या आणि कुठली सोंगातली ते ओळखू येईना. मग मुलगी बाजूला झाली. कोरोतिमीने फडक्याच्या अलीकडे गुडघे टेकले.

"सासूबाई, मी रस्ता मागते."

न्गोलो धावत कडेपर्यंत आला. "आई, हे सोंग आहे. सोंगात बोललेलं घराला बांधत नाही. घरी जाऊन आपण..."

"खरंच," नानतेनिन म्हणाली. तिने हात जोडल्यासारखे छातीशी धरले होते. "चवळीखाऊ आज शहाण्यासारखं बोलला. इथं बोललेलं उद्या वाऱ्यावर सोडता येतं, म्हातारे. तेवढी सोय कोतेबात आहे. तेव्हा तूच सांग, सोंगातलं उत्तर देतेस की खरं?"

तो दरवाजा तिच्यासाठी उघडा ठेवला होता आणि नियाकालेला तो स्वच्छ दिसत होता. त्यातून बाहेर पडले की जारांचे घर पुन्हा होते तसे. एकही सून न परतलेले. रात्री रेडिओ जरा मोठा, एवढाच काय तो फरक. तिने कोरोतिमीकडे पाहिले. ती रडत नव्हती. ती फक्त वाट पाहत होती. नामकरणाची वाट पाहिली तशी, कापणीची पाहिली तशी. यापुढेही ती अशीच पाहत राहील, एखाद्या रात्री वाट पाहायला कुणी उरणार नाही तोपर्यंत, हे नियाकालेला त्या लाल उजेडात अगदी शांतपणे दिसले.

"रस्ता दिला," ती म्हणाली. "या रिंगणात दिला आणि रिंगणाबाहेर दिला. कोलोबुगूनं ऐकलं."

कुणी टाळी वाजवली नाही. ढोलकऱ्याने ढोलावर तळवा ठेवला, त्याची थरथर थांबवावी तसा.

*

रस्ता देणाऱ्याने जाणाऱ्याला थोडे अंतर सोडायला जायचे असते. चिंचेपर्यंत, फार तर नदीकडच्या वळणापर्यंत. मग पाठ फिरवायची. नियाकाले उघड्या डोक्याने चालत निघाली आणि तिच्यामागे कोरोतिमी. गोगलगाईचे वेटोळे आपोआप उलगडत गेले. आधी पुरुष सरकले, मग बायका, मग मुली, मग पोरे. फडके चौकातच राहिले. सिबिरी उठून त्याच्यापाशी आला आणि थांबला. त्याने पाऊल उचलले नाही आणि फडके उचलायला हातही पुढे केला नाही. एखाद्या नदीच्या काठी उभे राहावे तसा तो नुसता उभा होता.

चिंच मागे पडली. वळण आले. नियाकाले थांबली नाही.

काठाशी शेवटची होडी सुटायच्या बेतात होती. धुळीत पाणी आणि आभाळ अजून एकमेकांत मिसळलेले होते, आणि होडी दोन्हींच्या मधोमध टांगल्यासारखी दिसत होती. कोरोतिमी चढली. मग नावाड्याच्या खांद्याचा आधार घेऊन नियाकालेही चढली.

"आई, हे काय?" न्गोलो धापा टाकत आला. त्याच्यामागे मासितान होती, नवऱ्यापासून चार पावले दूर. "तू कुठं निघालीस? लोक काय म्हणतील?"

"तू कर्ता आहेस ना? मग ऐक." ती फळीवर नीट बसली, बगळ्यांचे कापड गुडघ्यांवरून सारखे केले. "कोला घेऊन सिबिरीला पाठव. तोंडानं बोलता येणारी चार माणसं सोबत दे. हिच्या बापाच्या दाराशी बसा. बाहेर बसा, जमिनीवर, बोलवीपर्यंत. हिचा बाप आत असेल. त्याच्या शेजारी मी असेन."

"आमच्या बाजूनं कोण बोलणार मग?"

"ते तुम्ही बघा." नावाड्याने बांबू टेकला, होडी काठापासून सुटली. "आणि सिबिरीला सांग, विचार करून ये म्हणावं. त्या घरातली एक म्हातारी फार कडक आहे. ती सहजासहजी हो म्हणायची नाही."